नाव घातलेले भांडे

आमच्या गावात सारे काही आहे. बाजार आहे, कॉलेज आहे, एस. टी. चे स्थानक आहे, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला जाणारे यात्रेकरू आहेत. नाही ते फक्त स्वतःचे असे नाव. म्हणजे नाव आहे. पण ते दुसऱ्याचेही आहे, आणि तो दुसरा आमच्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. 'मी मालेगावचा' असे प्रवासात कुणाला सांगितले की समोरचे गृहस्थ लगेच यंत्रमागांची चौकशी करू लागतात. मग मला सांगावे लागते, "ते नाशिकचे. आम्ही वाशीमचे." जुनी माणसे 'मालेगाव जहांगीर' असे म्हणत. त्या शेपटामुळे निदान ओळख तरी पटे. १९९८ च्या जुलैत वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा निघाला, तेव्हापासून पत्त्यातली शेवटची ओळही बदलली. २००८ च्या सप्टेंबरात त्या मालेगावात बॉम्बस्फोट झाला, त्या रात्री पुण्यामुंबईच्या नातेवाइकांचे फोन आमच्या घरी खणखणत होते. आई प्रत्येकाला सांगत होती, "आम्ही बरे आहो बाप्पा. ते मालेगाव आमचं नोहे." आणि फोन ठेवल्यावर म्हणत होती, "त्यायचीही कोनाची माय अशीच फोनापाशी बसली असंन."

पण आजचा विषय गावाच्या नावाचा नाही. तो निघाला एका पार्सलावरून.

गेल्या दिवाळीत नागपूरच्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हाला फराळाचे पार्सल धाडले. ते भाऊबीज उलटून गेल्यावर आले. आले तेव्हा त्यावर इतके शिक्के होते, की चिवड्यापेक्षा शिक्क्यांचेच वजन जास्त भरले असते. पत्त्यात नुसते 'मालेगाव' एवढेच लिहिलेले. साहजिकच ते आधी नाशिककडे जाऊन, तिकडचा पाहुणचार घेऊन मग इकडे वळले होते. चकल्यांचा भुगा परातीत ओतत सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमच्या विद्यार्थ्यांना तुम्ही ज्ञानेश्वरी शिकवता, पत्ता लिहायला नाही शिकवत का?"

मी गप्प बसलो. कारण ह्या विद्यार्थ्याचा धंदाच मुळी वस्तूंवर नावे घालण्याचा आहे, हे मला ठाऊक होते आणि तिला नव्हते.

धंदा नावे घालण्याचा म्हणजे अगदी तसा नव्हे. हा मुलगा आमच्या कॉलेजात बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होता. निबंध बरा लिही. पण वडील गेले, शिक्षण सुटले, आय. टी. आय. करून तो नागपूरला गेला आणि पुढे हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याने लहानसे वर्कशॉप काढले. दहाबारा कामगार आहेत. पत्र्याच्या पेट्या करतो. त्या पेट्या एका मधल्या पेढीमार्फत संरक्षण खात्याच्या कामाला जातात. पेटी करणे सोपे, पेटीवर लिहिणे कठीण, असे तो मला एकदा म्हणाला होता. मला ती गंमत वाटली होती.

यंदा दसरा झाला आणि आमच्याकडे माळा उतरवण्याचे काम निघाले. त्याच दिवशी हा अचानक दारात उभा. हातात फराळाचा डबा, आणि चेहरा अपराध्यासारखा. "सर, ह्या वेळी पत्ता लिहिण्याची जोखीमच नको म्हटलं. स्वतःच घेऊन आलो."

आईने त्याला पंख्याखाली बसवले. ओसरीभर भांडी पसरली होती. तांब्याचे घंगाळ, पितळेच्या पराती, डबे, आणि पाण्याचे तीनचार गुंड. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजून माळा शिल्लक आहे, त्यांना हा देखावा सांगायला नको. त्यातले एकही भांडे बिननावाचे नव्हते. कुणावर आजोबांचे नाव, कुणावर आजीचे, कुणावर 'सप्रेम भेट', खाली तिथी आणि शक. पूर्वी बाजारात कासाराच्या दुकानापुढे एक माणूस छोटी हातोडी आणि छिन्नी घेऊन बसलेला असे. आपण नाव सांगायचे, तो मान वर न करता ठकठक ठकठक करीत टिंबाटिंबांतून अक्षरे उठवायचा. लग्नकार्यात ही भांडी गल्लीभर फिरत. आज ह्यांच्या पंगतीला, उद्या त्यांच्या बारशाला. कार्य उरकले की अंगणात ढीग पडे आणि बायका भांडे उलटे करून नाव वाचीत आणि ज्याचे त्याला देत. कधी भांडण झाल्याचे स्मरत नाही. भांडण मिटवण्याचे काम त्या टिंबांनी आधीच करून ठेवलेले असे.

माझा विद्यार्थी एक डबा हातात घेऊन ती अक्षरे बोटाने चाचपू लागला. म्हणाला, "सर, हे काम पन्नास वर्षं टिकलं. माझं एका चिंधीपुढे टिकलं नाही."

मग त्याने मागल्या वर्षीची हकीकत सांगितली. सहाशे पेट्यांची मागणी होती. प्रत्येक पेटीवर काय लिहायचे, कोणत्या बाजूला, किती उंचीच्या अक्षरांत, कोणत्या रंगात, हे सारे आराखड्यात ठरलेले. करणाऱ्याची खूण, मालाचा क्रमांक, खेपेचा क्रमांक, महिना, वर्ष. दिवस थोडे राहिले होते. रंगाऱ्याने सांगितले की दुसरी एक शाई आहे, ती लवकर वाळते. ह्याने होकार दिला. अक्षरे सुरेख उठली. माल गेला. तपासनिसांनी एक पेटी पुढे ओढली, रसायनात भिजवलेली चिंधी घेतली आणि अक्षरांवरून घासली. पेटीवरची सगळी अक्षरे चिंधीवर आली. सहाशेच्या सहाशे पेट्या परत.

"पत्रा चांगला, झाळकाम चांगलं, कडी-कोयंडा चांगला. फक्त अक्षरं पुसली, म्हणून सगळा माल परत! धनत्रयोदशी चार दिवसांवर आणि पोरांचा बोनस त्या बिलावर अवलंबून. ज्या दिवशी ट्रक परत आला, त्याच दिवशी तुमचं पार्सल बांधलं सर. डोकं ठिकाणावर नव्हतं."

पार्सलाचा उलगडा असा वर्षाने झाला. सौभाग्यवती आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी तो ऐकला आणि मुकाट्याने बशीत आणखी दोन करंज्या ठेवल्या.

माझ्या मनात मात्र त्या वेळी तुमच्या मनात येईल तेच आले. सरकारी कारभार! माल चांगला असताना अक्षरासाठी अडवणूक कशाला? मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, मीही असाच चिडलो होतो. आता चिडत नाही." आणि मग मराठीच्या प्राध्यापकाला त्याच्या विद्यार्थ्याने तासभर जो धडा दिला, तो मी माझ्या परीने थोडी भर घालून वाचकांपुढे ठेवीत आहे.

शस्त्रावर नाव घालण्याची रीत नवी नव्हे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही तोफ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती असे तिचे तोंड. ती विजापूरची नव्हे, आपल्या अहमदनगरची. १५४९ साली तिथे ती ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव महंमद बिन हसन रूमी, आणि हे आपल्याला ठाऊक आहे ते तोफेच्याच अंगावर लिहिलेले आहे म्हणून. पुढे औरंगजेबाने विजापूर घेतले, तेव्हा त्यानेही आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरवला. म्हणजे एकाच तोफेवर करणाऱ्याचे नाव वेगळे आणि मालकाचे वेगळे. आमच्या घंगाळासारखेच. घडवले कुणी ते एका बाजूला, आणि सासरी आल्यावर घातलेले नाव दुसऱ्या बाजूला.

इंग्रजांनी मालकीची खूण फार थोडक्यात भागवली. तीन रेघांचा एक बाण. कावळ्याच्या पावलासारखा दिसणारा हा बाण बंदुकीपासून तंबूच्या खुंटीपर्यंत सरकारी मालावर उमटे, आणि तो खोडणे हा गुन्हा होता. हिंदुस्थानातल्या मालावर त्या बाणाखाली 'आय' हे अक्षर असे. करणाऱ्याची खूण वेगळी. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला. तिथल्या काडतुसाचा बूड पाहिला तर पितळेवर 'के. एफ.' ही दोन अक्षरे आणि साल उठवलेले आढळते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या काडतुसावर 'ओ. एफ. व्ही.' आढळते. नखाएवढ्या चकतीवर केवढा मजकूर! आपल्या महाराष्ट्रात असे कारखाने खडकीला आहेत, देहू रोडला आहेत, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव इथे आहेत आणि आमच्या विदर्भात भंडारा, भद्रावती नि नागपूरच्या अंबाझरीला आहेत. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि त्या दशकात विदर्भातल्या ह्या कारखान्यांची उभारणी झाली. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले सगळे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले आहेत. त्यांतल्या एकीचे मुख्य कार्यालय पुण्याला आहे, एकीचे नागपूरला. पाटी बदलली, तरी काडतुसाच्या बुडावर कुणी केले नि कधी केले हे लिहिण्याचा नेम सुटलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाव नि साल ठीक. पण 'खेपेचा क्रमांक' हे काय प्रकरण? सारा जीव तिथेच आहे.

घरचे उदाहरण घ्या. गृहिणी लोणचे घालते. एका घाण्यातल्या सगळ्या बरण्या सारख्या. मीठ तेच, तेल तेच, कैरी तीच. त्यातल्या एका बरणीला बुरशी आली तर शहाणी गृहिणी काय करते? त्याच घाण्याच्या बाकीच्या बरण्या आधी उघडून पाहते. गेल्या वर्षाच्या बरण्यांना हात लावत नाही. पण कोणती बरणी कोणत्या घाण्याची हे लिहून ठेवले असेल तरच हे शक्य. नाही तर एक तर सगळे लोणचे फेकायचे, नाही तर सगळे खायचे! दारूगोळ्याचे असेच आहे. सारख्याच मसाल्यातून, सारख्याच रीतीने झालेल्या मालाला एक खेप म्हणतात आणि तिला एक क्रमांक देतात. जैसलमेरच्या वाळूत एक नग बिघडलेला निघाला, तर त्याचे सख्खे भाऊ लडाखात कोणत्या कोठारात आहेत हे त्या क्रमांकावरून कळते आणि त्यांना बाजूला काढता येते. शिवाय स्फोटक द्रव्यालाही वय असते. ठरावीक वर्षांनंतर ते भरवशाचे राहत नाही. जन्मसाल पुसले गेले तर वय कसे मोजणार?

अकोल्याहून नागपूरला आगगाडीने जाताना बडनेरा मागे पडले की धामणगाव येते आणि मग वर्धा नदी ओलांडून पुलगाव. तिथे सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा कोठार आहे, देशातले फार मोठे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. जवळपासच्या गावांतली माणसे अंधारात घरे सोडून निघाली. आग विझवायला धावलेले अग्निशामक दलाचे लोक आणि जवान मृत्युमुखी पडले. त्यांत दोन अधिकारी होते. साठवलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होते आणि चौकशीचा रोख तिकडे गेला, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावलाच जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. त्यांत मजुरीला आलेले गावकरी होते. जुना दारूगोळा! म्हणजे ज्याचे वय उलटून गेले होते तो.

अक्षरे स्वच्छ असती तर हे टळले असते, असे मी म्हणत नाही. अपघातांची कारणे अनेक असतात आणि ती ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे. पण पाझरणारी पेटी हाती लागली, म्हणजे तिच्या खेपेच्या दुसऱ्या पेट्या कोणत्या हे ज्याला ओळखायचे असते, त्याच्या हातात त्या क्षणी अक्षरांवाचून दुसरे काय असते? माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, त्या तपासनिसांनी मला बाजूला बसवून चहा पाजला आणि एवढंच विचारलं. 'ही पेटी दहा वर्षांनी एखादा पोरगा बॅटरीच्या उजेडात उचलील. त्याला वाचता नको का यायला?' मी ट्रक परत घेऊन आलो आणि रंगाऱ्याला ओरडलो नाही. चूक माझी होती."

ह्या बाबतीत अमेरिकेने तर फार बारकाई केली आहे. तिथल्या लष्करी मालावर ओळखखूण कशी घालावी ह्याचे एक प्रमाणपुस्तक आहे, 'मिल-स्टँडर्ड-१३०' ह्या नावाचे. २००४ पासून तिथे नियमच झाला, की पाच हजार डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या प्रत्येक नगाला जगात दुसऱ्या कुणाचा नसेल असा क्रमांक हवा, आणि तो वस्तू मोडीत निघेपर्यंत वाचता आला पाहिजे. तो अक्षरांत तर लिहितातच, पण काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या एका चौकोनातही लिहितात. औषधाच्या खोक्यावर, यंत्राच्या भागावर असा चौकोन तुम्ही पाहिला असेल. त्याला 'डेटा मॅट्रिक्स' म्हणतात. त्याची खुबी अशी, की काही भाग खरचटून गेला तरी उरलेल्या भागावरून गेलेला मजकूर यंत्राला काढता येतो. कारण मजकुराबरोबर त्याचा पडताळाही गणिताने त्यात गुंफलेला असतो.

हे ऐकून मला आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली. वाळवीने खाल्लेली पोथी आम्ही वाचतो ती अशीच. वृत्ताच्या मात्रा ठाऊक असतात, यमक ठाऊक असते. त्यामुळे मधली दोन अक्षरे गेली तरी कोणती असावीत ते कळते. आणि पोथीच्या शेवटी लेखकू आपले नाव, गाव, शक, तिथी लिहितो ती तरी दुसरे काय? ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे साल आणि सच्चिदानंदबाबा हे लेखकाचे नाव आले नसते, तर आम्हा मराठीच्या मास्तरांनी तिच्या काळावरून किती डोकी फोडून घेतली असती, ह्याची कल्पनाच केलेली बरी!

वस्तूला जगभर एकच नाव असावे म्हणून नाटो राष्ट्रांनी तेरा आकड्यांची एक पद्धत बसवली आहे. पहिले चार आकडे वस्तूच्या वर्गाचे, पुढचे दोन देशाचे, उरलेले सात त्या वस्तूचे. नाटोबाहेरचे देशही ती वापरतात. भारताचा आकडा आहे ७२. एखाद्या नटाला चार कारखाने चार नावांनी हाक मारीत असतील, तरी क्रमांक एकच. नाही तर कोठारात तोच नट चार खणांत पडून राहतो आणि पाचवा मागवला जातो. आमच्या दोन मालेगावांना अशी सोय पूर्वीच झाली असती तर माझ्या चकल्या वाचल्या असत्या. पण पिनकोडाचे सहा आकडे आहेतच की. दोष आकड्यांचा नव्हे, ते न लिहिणाऱ्याचा!

आणखी एक गोष्ट मला नवी होती. खूण कशी घालायची ह्याइतकेच ती कुठे घालायची नाही हेही महत्त्वाचे असते. ज्या भागावर सतत ताण येतो, त्यावर खोल ठोका मारला तर नेमकी तिथूनच चीर सुरू होते. म्हणून कुठे ठोका, कुठे लेझरचा किरण, कुठे आम्लाचा हात, कुठे नुसती पट्टी, हे आराखडा करणाराच ठरवतो. नाव घालताना वस्तूला जखम होता कामा नये. हे वाक्य मी वहीत टिपून घेतले. वर्गात मुलांना नावे ठेवताना उपयोगी पडेल.

खुणेचा माग कुठवर लागतो ह्याचे उदाहरण मुंबईने पाहिले आहे. २००८ च्या नोव्हेंबरात कसाब आणि त्याचे साथीदार ज्या रबरी होडीतून किनाऱ्याला लागले, तिला यामाहाचे इंजिन होते. इंजिनावरच्या क्रमांकावरून ते जपानहून पाकिस्तानातल्या एका व्यापाऱ्याकडे गेले होते, हे निघाले आणि न्यायालयापुढे आले. बोलणारी माणसे खोटे बोलतील, पण ठोकलेला आकडा कुणाचीही भीड धरीत नाही.

आणि माणसावरही खूण असतेच. सैनिकाच्या गळ्यात क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला असतो. १९८४ च्या मे महिन्यात सियाचेनवर एकोणिसाव्या कुमाऊंच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. लान्सनायक चंद्रशेखर हरबोला त्यात सापडले आणि त्यांचा देह मिळाला नाही. घरी पत्नी आणि दोन लहान मुली. अडतीस वर्षे गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गस्तीवरच्या जवानांना हिमनदीवर एका सैनिकाचे अवशेष दिसले. जवळ बिल्ला होता. त्यावर क्रमांक होता, आणि तो वाचता येत होता. तेवढ्यावरून नाव निघाले, घर निघाले, आणि तो सैनिक उत्तराखंडात आपल्या माणसांच्या हाती परतला. अडतीस वर्षे बर्फात राहून जी अक्षरे टिकली, ती घडवणाऱ्या कारागिराचे नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याने त्या दिवशी लवकर वाळणारी शाई वापरली नाही, एवढे खरे.

माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी आता लेझरचं मशीन घेतलं, सर. कर्ज काढून. मागल्या वर्षीच्या सहाशेच्या सहाशे पेट्या पुन्हा घासून, रंगवून दिल्या. कामगारांना बोनस मिळाला तो देवदिवाळीला. कुणी कुरकुर केली नाही. त्यातल्या एकाचा भाचा सैन्यात आहे."

इथे हा लेख संपला असता. पण आईने मधेच तोंड घातले.

ओसरीच्या कोपऱ्यात एक गुंड भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. तो दर वर्षी तसाच ठेवला जातो. मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण विचारले कधी नव्हते. आईने तो फिरवला. पोटावर एक पट्टा कानशीने घासून गुळगुळीत केलेला होता. तिथले नाव खोडून खाली आमच्या आजोबांचे घातले होते.

"हे भांडं आपलं नोहे," आई म्हणाली. "७२ च्या दुष्काळातलं हाय. मी नवी नवरी होती तवा. लोकायनं घरातले भांडे मोडीच्या भावानं इकले. तुह्या आज्यानं सस्तं भेटलं म्हनून हे घेतलं अन् नाव घासून घेतलं. तुही आजी मंग कवा त्यातलं पानी पेली नाही. मरतानी मले म्हने, ज्याचं हाय त्याले दे. पन नावच नाही राह्यलं. देऊ कोनाले?"

१९७२ साल. दुष्काळी कामाच्या खडीवर माणसे गेली, गुरे छावणीला गेली, आणि माळ्यावरची भांडी बाजारात गेली. पुस्तकात मी ह्या दुष्काळावरच्या कथा शिकवल्या आहेत. त्यातला एक गुंड आमच्याच घरात भिंतीकडे तोंड करून बसला आहे, हे मला ठाऊक नव्हते.

विद्यार्थ्याने गुंड उजेडात धरला, तिरपा केला आणि म्हणाला, "आजी, हे नाव छिन्नीने ठोकलेलं होतं ना? मग ते गेलेलं नाही."

आणि त्याने सांगितले ते असे. धातूवर ठोक्याने अक्षर उठवले की खळगा दिसतो तेवढाच ठोका नसतो. त्याच्या खालचा धातूही दबलेला असतो. वरचा थर कानशीने काढला तरी ते दबलेपण खाली राहते. मग त्यावरून योग्य ते आम्ल हलक्या हाताने फिरवले, तर दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळे झिजतात आणि गेलेले अक्षर पुन्हा वर येते. चोरीच्या गाडीचा नि बंदुकीचा घासलेला नंबर पोलिसांचे प्रयोगशाळेतले लोक असाच वाचतात. फार खोल घासले असेल तर मात्र इलाज नाही.

आईने क्षणभरही विचार केला नाही. "घेऊन जाय," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी त्याने नागपूरहून फोटो पाठवले. आडनावाची तीन अक्षरे स्पष्ट आली आहेत. चौथे अर्धे आहे. खाली गावाचे नाव असावे, त्यातला शेवटचा 'गाव' तेवढा वाचता येतो. आणि वऱ्हाडात 'गाव'ने संपणारी गावे किती, हे सांगायला नको! पण शेजारी शक आला आहे, पूर्ण. पोथीतली गेलेली अक्षरे जुळवतात तशी मी रात्री कंदिलाच्या जागी टेबलावरचा दिवा ओढून ती अक्षरे जुळवीत बसतो. दोन आडनावे बसतात. आसपासच्या तीन गावांत चौकशी चालू आहे. ते नाव मी इथे छापत नाही. ज्यांचे आहे त्यांना आधी कळावे, मग जगाला.

गुंड कालच परत आला. ह्या वेळी पार्सलावर पूर्ण पत्ता होता: मालेगाव, जिल्हा वाशीम, आणि खाली पिनकोडाचे सहाही आकडे ठळक अक्षरांत. आईने बोट ओले करून ती अक्षरे घासून पाहिली. पुसली नाहीत. तिने गुंड चिंचेने लखलखीत घासला, पण त्या पट्ट्यावर हात जपून फिरवला. आणि माजघरात ठेवताना त्याचे तोंड पहिल्यांदाच भिंतीकडे न करता दाराकडे केले.

"लक्ष्मीपूजनाले त्यायचंच भांडं पूजू," ती म्हणाली. "मालक भेटेलोक आपन राखनदार."